गिअरबॉक्स उतरवण्याआधी: पिकअपच्या क्लचचं दुखणं ओळखायचं कसं?

गिअर पडत नाही, चढावर गाडी ओढत नाही, पेडल खाली गेलं ते वर येईना, सुटताना गाडी थरथरते, खालून करकर ऐकू येते. या सगळ्या तक्रारींवर आपल्याकडे निदान एकच: ‘क्लच गेला.’ मग गिअरबॉक्स उतरतो, नवा क्लच सेट बसतो, आणि दोन दिवसांनी गिअर पुन्हा तसाच अडतो, कारण बिघाड बाहेरच्या एका छोट्या सिलिंडरमध्ये होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पिकअपचा क्लच बदलण्यात खरा खर्च वेळाचा आणि मेहनतीचा असतो. मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा, गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ट्रान्सफर केसही उतरवायची, आणि मग तो जड गिअरबॉक्स खाली घ्यायचा. एवढा खटाटोप करण्याआधी सीटवर बसून आणि बॅटरी हातात घेऊन गाडीखाली डोकावून बरंच काही कळतं. त्यासाठी क्लच आत काय करतो हे मात्र डोळ्यांसमोर हवं.

इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील असतं, म्हणजे एक जड लोखंडी चकती. त्यावर प्रेशर प्लेट बोल्टांनी आवळलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लच प्लेट. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना लायनिंग, म्हणजे पकड घेणारा थर असतो, आणि तिच्या मधल्या दातेरी भोकात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट बसतो. पाय पेडलवर नसतो तेव्हा प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. इंजिन फिरलं की शाफ्ट फिरतो. पेडल दाबलं की फोर्क नावाचा दुबेळकी दांडा रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगच्या मधल्या पाकळ्या आत दाबतं, तिची बाहेरची कड मागे उचलली जाते आणि क्लच प्लेट मोकळी होते.

मोकळी म्हणजे किती? पायाखालचं पेडल साधारण 150 मिलिमीटर खाली जातं. त्यातून रिलीज बेअरिंग 8-10 मिलिमीटर सरकतं, आणि प्रेशर प्लेट मागे हटते ती जेमतेम 1-2 मिलिमीटर. सगळा खेळ या दीड मिलिमीटरचा आहे. वाटेत कुठे हवा शिरली, कुठली पिन झिजली, फोर्क किंचित वाकला, तर आतली प्लेट नवीकोरी असूनही क्लच सुटणार नाही.

घसरतो की सुटत नाही?

क्लचचा कुठलाही बिघाड समोर आला की पहिला प्रश्न हा विचारायचा. क्लच धरायला हवा तेव्हा धरत नाही, की सोडायला हवा तेव्हा सोडत नाही? दोन्ही दुखणी एकमेकांच्या उलट आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. घसरणाऱ्या क्लचमध्ये बहुतेक वेळा दोष आत, गिअरबॉक्सच्या घरात निघतो. न सुटणाऱ्या क्लचमध्ये तो बाहेर असण्याची शक्यता जास्त.

घसरण तपासायला मोकळा, सरळ रस्ता लागतो. वरच्या गिअरमध्ये, चौथ्या किंवा पाचव्यात, ताशी 50-60 च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर एका दमात पूर्ण दाबा. क्लच ठीक असेल तर इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग जोडीनं, हळूहळू वाढतात. घसरत असेल तर आरपीएमचा काटा टुणकन वर उडतो आणि स्पीडोमीटर ढिम्म हलत नाही. टर्बो डिझेलमध्ये हे नेमकं टर्बो चढतो तिथे, साधारण 1800-2000 आरपीएमच्या आसपास आधी जाणवतं, कारण इंजिनचा जोर तिथेच एकदम येतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हीच चाचणी केलीत तर अर्धमेला क्लचही पास होऊन जाईल.

रस्ता मिळत नसेल तर दुसरा उपाय आहे. चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, समोर माणूस उभा राहू देऊ नका. तिसरा गिअर टाकून थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत क्लच सोडा. इंजिन लगेच गचका खाऊन बंद पडलं पाहिजे. रेंगाळत फिरत राहिलं तर क्लच घसरतोय. ही चाचणी एकदाच करायची. खात्री करून घ्यायला चार वेळा केलीत तर उरलेलं लायनिंगही त्यातच जाईल.

न सुटणारा क्लच ओळखणं त्याहून सोपं. गाडी उभी, इंजिन आयडलला. पेडल तळापर्यंत दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच पूर्ण सुटत असेल तर तेवढ्यात इनपुट शाफ्टचं फिरणं थांबतं आणि गिअर गुपचूप पडतो. ‘खर्रर्र’ झालं तर शाफ्ट अजून फिरतोय. रिव्हर्सच निवडायचा, कारण बऱ्याच गिअरबॉक्समध्ये त्याला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारी कडी, नसतो; पुढच्या गिअरमध्ये सिंक्रो दोष झाकून घेतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, हीही त्याचीच खूण. इंजिन बंद असतानासुद्धा एखादाच गिअर अडत असेल, तर क्लचला दोष देऊ नका. तो गिअरबॉक्सचा किंवा लिव्हरच्या जोडणीचा प्रश्न आहे.

आधी तेलाचा मार्ग

आजच्या बहुतेक पिकअपमध्ये क्लच हायड्रॉलिक असतो. पेडलमागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी फोर्कला ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर, मध्ये पाइप आणि त्यात ब्रेक ऑइल. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पाइपात हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर त्याला दाबण्यातच वाया जातो.

पेडल दोन-तीन वेळा भराभर मारल्यावर गिअर पडायला लागतो का, हे बघा. पडत असेल तर दोष नक्की तेलाच्या मार्गात आहे, गिअरबॉक्सला हात लावू नका. मग शोधायचं ते ओलेपण. पेडलच्या वर, जिथे दांडी मास्टर सिलिंडरमध्ये शिरते तिथे बोट फिरवा. ओलं लागलं, किंवा खालचा गालिचा चिकट झाला असेल, तर मास्टरचं मागचं सील गेलं. गाडीखाली स्लेव्हचं रबरी बूट हळूच मागे सारा. आत तेल साचलं असेल तर स्लेव्हचं सील गेलं. काही गाड्यांत क्लचचं तेल ब्रेकच्या डब्यातूनच येतं, तेव्हा ब्रेक ऑइल कमी होत असेल पण चारही चाकांशी गळती दिसत नसेल तर क्लचच्या बाजूला बघायचं.

सगळं कोरडं आहे, तेल कमी होत नाही, तरीही त्रास आहे, असंही होतं. तेव्हा संशय मास्टरच्या आतल्या सीलवर. पहिला गिअर टाका, पेडल दाबून धरा आणि अर्धा मिनिट पाय जराही हलवू नका. गाडी हळूच पुढे सरकायला लागली तर सील दाब धरत नाही, तेल पिस्टनला वळसा घालून मागे निघून जातंय.

एक जागा मात्र बहुतेक जण तपासत नाहीत. एकाला पेडल मारायला बसवा आणि बॉनेट उघडून मास्टर सिलिंडर जिथे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, बोल्ट केलाय तिथे नजर ठेवा. जुन्या गाड्यांत पेडल दाबताना अख्खा सिलिंडरच पुढे हलताना दिसतो: पत्रा लवचिक झालेला किंवा चिरलेला असतो. पत्रा जेवढा हलला तेवढी पेडलची चाल वाया गेली. अशा गाडीत मास्टर बदला, स्लेव्ह बदला, सेट बदला, क्लच सुटणार नाही. पत्र्याला मागून पट्टी वेल्ड केली की सुंठेवाचून खोकला जातो. पेडलच्या पिनेचं भोक लांबट झालंय का, तेही त्याच वेळी हलवून बघा.

आता मोजायचं ते स्लेव्हच्या दांडीची चाल. पेडल पूर्ण दाबल्यावर दांडी किती सरकते ते पट्टीनं मोजा. बाहेर बसवलेल्या स्लेव्हमध्ये ती बहुधा 10 ते 15 मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. निदानाचा खरा फाटा इथे फुटतो. चाल कमी भरली तर दोष बाहेर. चाल पुरी भरते आणि तरीही क्लच सुटत नाही, तर दोष आत: झिजलेला फोर्क किंवा त्याचा टेकू, वाकलेली प्लेट, इनपुट शाफ्टचे गंजलेले दाते (स्प्लाइन), किंवा जाम झालेलं पायलट बेअरिंग, म्हणजे इनपुट शाफ्टचं पुढचं टोक क्रँकमध्ये पेलणारं छोटं बेअरिंग. गाडी दमट जागी महिनोन् महिने उभी होती आणि मग क्लच सुटेना, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असण्याची शक्यता मोठी.

हवा काढणं दोन माणसांचं काम आहे. स्लेव्हच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवायचं. एकानं पेडल सावकाश दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल सैल करायचा, बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचं. निपल उघडा असताना पाय उचलला तर नळीतूनच हवा परत आत ओढली जाते. डब्यातलं तेल तळाला जाऊ द्यायचं नाही, नाहीतर वरून हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. तेल डब्याच्या झाकणावर लिहिलं असेल तेच, बहुधा डॉट 3 किंवा डॉट 4. इंजिन ऑइल किंवा दुसरं खनिज तेल चुकूनही नको. त्यानं रबरी सील फुगतात आणि अख्खी यंत्रणा बाद होते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदललेलं बरं. काळपट, गढूळ तेल म्हणजे आत सील झिजतायत. आणि ते रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग सोलून निघतो.

काही गाड्यांत स्लेव्ह बाहेर नसतोच. तो रिलीज बेअरिंगलाच जोडून, इनपुट शाफ्टभोवती, बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घराच्या) आत बसतो. तो गळला तर थेंब खालच्या भोकातून पडतात, पण तिथून इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलही गळू शकतं. थेंब बोटावर घ्या. काळं आणि गुळगुळीत असेल तर इंजिनचं मागचं सील. दाट आणि गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं सील. पातळ, फिकट आणि पाण्यानं सहज धुऊन जाणारं असेल तर स्लेव्ह. पहिल्या दोन्ही तेलांचा शिंतोडा लायनिंगवर गेला की क्लच घसरतो किंवा थरथरतो, आणि अशा प्लेटला पेट्रोलनं धुऊन परत बसवण्यात काही अर्थ नाही. तेल लायनिंगमध्ये मुरलेलं असतं, गरम झाल्यावर परत वर येतं.

केबलचा क्लच असेल तर हे सगळं सोडून केबल बघायची. तिथे पेडलला वरच्या बाजूला मोकळी चाल हवी, बहुतेक गाड्यांत 15 ते 25 मिलिमीटर. लायनिंग झिजत जातं तशा डायफ्रामच्या पाकळ्या मागे, बेअरिंगकडे येतात आणि ही मोकळी चाल आपोआप घटते. ती संपली की बेअरिंग कायम पाकळ्यांवर टेकून राहतं, क्लच अर्धवट दाबल्यासारखा राहतो आणि चांगली प्लेट घसरून जळते. हायड्रॉलिक क्लच ही झीज स्वतः भरून काढतो, पण त्यालाही एक खोड आहे. पेडलची दांडी मास्टरच्या पिस्टनला सतत टेकलेली राहिली तर तेल डब्यात परत जाण्याचं बारीक भोक बंद राहतं. इंजिनच्या उष्णतेनं तेल फुगतं आणि क्लच आपला आपणच दाबला जातो. गाडी थंड असताना ठीक, तासाभरानं घसरते, थंड झाली की पुन्हा ठीक, असं असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी ही दांडी तपासाच.

आवाज आणि थरथर

आवाज कधी येतो यावर सगळं अवलंबून आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल दाबायला लागल्याबरोबर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. उलट, पाय उचललेला असताना आवाज आहे आणि पेडल दाबलं की थांबतो, तर तो गिअरबॉक्समधल्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. त्याचा क्लचशी संबंध नाही. उभ्या गाडीत गिअर टाकून, पेडल दाबून धरल्यावर बारीक किरकिर येत असेल तर पायलट बेअरिंगकडे बोट दाखवता येतं, कारण शाफ्ट थांबलेला आणि क्रँक फिरतेय, एवढ्याच वेळी त्याला खरं काम पडतं.

थरथरीबाबत पिकअप फसवते. गाडी सुटताना धडधडते, आणि सगळे क्लचकडे बघतात. पण लांब पिकअपमध्ये प्रोपेलर शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा असतो आणि त्याच्या मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं तर सुटतानाच, विशेषतः माल भरलेला असताना, तश्शीच धडधड येते. पाट्यांचे यू-बोल्ट ढिले झाले, जॉइंटचे क्रॉस झिजले, इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग बसलं, तरी तेच. हे सगळं खालून लोखंडी पहार लावून हलवून बघता येतं. हे सगळं ठीक निघालं तरच संशय लायनिंगवरच्या तेलावर किंवा फ्लायव्हीलवरच्या जळालेल्या डागांवर घ्यायचा.

प्लेट जळते कशानं

झीज तर होणारच. पण लवकर झीज होते ती उष्णतेनं, आणि उष्णता फक्त घसरताना तयार होते. इंजिनची गती स्थिर ठेवून गाडी सोडली तर क्लच पूर्ण धरेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता बनते. म्हणजे वजन दुप्पट, तर उष्णता दुप्पट. आणि वेगाचा तर वर्ग होतो: दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलली तर क्लच धरेपर्यंत पहिल्या गिअरच्या पावणेदोन-दोन पट वेग गाठावा लागतो, म्हणून उष्णता तिप्पट किंवा त्याहून जास्त. भरलेली पिकअप दुसऱ्यात उचलणारे लोक ‘गिअर वाचवतो’ म्हणतात; क्लच कोण वाचवणार? चढावर हाफ क्लचवर गाडी थोपवून धरणं त्याहून वाईट, तिथे तर सगळीच ऊर्जा उष्णतेत जाते. मोठे टायर घातले तर सगळे गिअर आपोआप उंच होतात, त्याचाही भार क्लचवरच.

गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर

तपासून दोष आतच निघाला तर मग काटकसर करू नका. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग एकदमच बदला. स्लेव्ह आत असेल तर तोही. नुसती प्लेट बदलून जुनं बेअरिंग ठेवणं मला कधीच पटलेलं नाही, कारण ते गेलं की तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवायचा. इंजिनच्या मागच्या सीलभोवती ओलसरपणा दिसला तर तेही आत्ताच.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. गिअरबॉक्सखाली ट्रान्समिशन जॅक हवाच. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर आधी खूण करा, म्हणजे तो होता तसाच परत बसेल. बेल हाउसिंगमधली काळी पूड हवेच्या फवाऱ्यानं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा आणि मास्क लावा.

काढलेली प्लेट नीट बघा. लायनिंगची पातळी रिव्हेटच्या डोक्यापर्यंत येऊन ठेपली असेल, म्हणजे बहुतेक मॅन्युअलप्रमाणे डोक्याच्या वर 0.3 मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल, तर ती संपली. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि केसासारख्या चिरा दिसल्या तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर पृष्ठभाग घासून सपाट करून घ्या. चिरा खोल असतील तर बदला. ड्युअल मास फ्लायव्हील (दोन भागांचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं) साधारणपणे फेसिंग करत नाहीत, त्याचा आतला खेळ मर्यादेबाहेर असेल तर तेच बदलतात.

नव्या लायनिंगला ग्रीस लागलेला हात लावायचा नाही. फ्लायव्हील ब्रेक क्लीनरनं पुसायचं, स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर फिरताना ते उडून लायनिंगवरच जाणार. प्लेटची ‘फ्लायव्हील साइड’ लिहिलेली बाजू फ्लायव्हीलकडेच हवी. अलाइनमेंटचा दांडा घालून प्लेट मध्यावर आणा, मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे घेत, थोडे थोडे आवळत जा. एकच बोल्ट पूर्ण आवळला तर कव्हर वाकतं. शेवटी टॉर्क रेंचनं मॅन्युअलच्या आकड्यावर.

गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट प्लेटमध्ये शिरला की त्याचं वजन क्षणभरही प्लेटवर लटकू देऊ नका, तिचा मधला भाग वाकतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून सुटत नाही. बेल हाउसिंग इंजिनला हातानं टेकलं पाहिजे. बोटभर फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह होतो. थांबा, गिअर टाकून मागचा शाफ्ट हातानं थोडा फिरवा, दाते जुळले की तो स्वतः सरकतो.

गाडी चालू करण्याआधी पेडल काही वेळा दाबून बघा, मग इंजिन चालू करून रिव्हर्सची चाचणी पुन्हा करा. पहिले 500-800 किलोमीटर माल निम्माच भरा आणि चढावर जोर काढू नका, लायनिंग फ्लायव्हीलशी जुळून यायला तेवढा वेळ लागतो. केबलचा क्लच असेल तर त्यानंतर मोकळी चाल पुन्हा एकदा मोजून सेट करा, कारण नवं लायनिंग बसताना ती हमखास बदलते.